नात्याचा रकाना

कटरबाई नाकावर माशी बसू देत नसत. गणवेश शिवण्याच्या त्या कारखान्यात मशीनवर बसणाऱ्या बायका ढिगाने होत्या, पण कापडाचे थर एकावर एक अंथरून, वरच्या थरावर खडूने आखून, तो अख्खा गठ्ठा एका दमात कापणारी बाई एकच होती. बाकीच्या बायकांना मुकादम ‘ए’ म्हणून हाक मारी, यांना ‘कटरबाई’ म्हणे. त्यांचं खरं नाव फक्त पगाराच्या दिवशी ऐकू येई, आणि तेव्हाही त्या ते दुसऱ्याच कुणाचं असल्यासारखं ऐकत.

त्यांच्या टेबलाला कुणी कोपर टेकलेलं चालत नसे. कात्रीला तर हातच लावायचा नाही. नव्याने आलेल्या एका मुकादमाने दोरा तोडायला ती कात्री उचलली, तर बाईंनी सगळ्यांदेखत त्याला विचारलं की घरी दात घासायचा ब्रशही असाच दुसऱ्याचा घेतोस का. तो मुकादम पुढे कित्येक दिवस त्यांच्या टेबलाजवळून जाताना भिंतीला चिकटून जायचा. लोकांना वाटे, बाई फटकळ आहे पण मनाने चांगली असणार. लोकांना असं वाटून घ्यायला आवडतं. बाई फटकळ होत्या आणि मनानेही तशाच होत्या. ज्याचं काम तिरपं, त्याला माफी नाही, मग तो आजारी असो की त्याच्या घरात कुणी गेलेलं असो. एका गर्भार बाईने बाह्या उलट्या लावल्या तेव्हा ‘पोटातलं तरी सुलट आहे ना, बघून घे’ असं त्या म्हणाल्या होत्या, आणि ती रडायला लागली तर यांनाच नवल वाटलं.

एकाच माणसाचं त्यांनी आयुष्यभर चालवून घेतलं, ते म्हणजे काजवालीचं. काजवाली काजांच्या मशीनवर बसे. शर्टांना काजं पाडायची, बटणं लावायची, आणि कुणी रागावलं की खाली मान घालून आणखी चार बटणं लावायची. स्वभाव मऊ, पडखाऊ. टोमणा मारला तर तो तिला घरी गेल्यावर समजे आणि उत्तर सुचायला आणखी दोन दिवस लागत. ती आश्रमात वाढलेली. आई कोण, बाप कोण, कशाचा पत्ता नाही. आश्रमातून बाहेर पडताना एक पेटी, दोन साड्या आणि काजं पाडण्याची कला एवढंच तिला मिळालं. दोघींचं कसं जमलं हे कारखान्यात कुणाला उमगलं नाही. त्यात उमगण्यासारखं फारसं नव्हतंच. बाईंना बोलायला माणूस हवं होतं आणि काजवालीला कुणीतरी आपल्याशी बोलायला हवं होतं. काय बोलतं याबद्दल तिची तक्रार नव्हती.

दोघींनी मिळून खोली घ्यायची ठरवली तेव्हा घरमालकिणीने दारातच अडवलं. सुट्या-सुट्या बायका तिला नको होत्या. तुम्ही एकमेकींच्या कोण, असं तिने विचारलं. काजवाली ‘आम्ही एका कारखान्यात’ असं सुरू करणार, तेवढ्यात कटरबाई म्हणाल्या, ‘बहिणी.’ घरमालकीण म्हणाली की चेहरेपट्टी जुळत नाही. बाईंनी सांगितलं की ही आईवर गेली आणि मी वडिलांवर, आणि खिडकीची कडी मोडली आहे ती आम्ही राहायला येण्याआधी बसवून घ्या.

तेव्हापासून जी बहीण झाली ती झाली. कोपऱ्यावरचा दुकानदार काजवालीला ‘तुमच्या ताई येऊन गेल्या’ असं सांगू लागला. शेजारणी ‘दोघी बहिणी’ म्हणू लागल्या. काजवालीचं अपेंडिक्स कापलं तेव्हा संमतीच्या कागदावर बाईंनी ‘बहीण’ म्हणून सही ठोकली आणि डॉक्टरला बजावलं की टाके सरळ रेषेत घाला, मी बघणार आहे. कुणी कधी पुरावा मागितला नाही. बाईंसाठी तो शब्द म्हणजे कामचलाऊ टाका होता, घातला आणि विसरून गेल्या. काजवालीचं तसं नव्हतं. तिला आयुष्यात कुणी ‘आमची’ म्हटलेलं नव्हतं. पहिल्या महिन्यात तर ती ‘ताई’ म्हणायला निमित्तं शोधायची. ताई, दार लावू का. ताई, दिवा मालवू का. बाई वैतागून म्हणाल्या, एकदाच काय ते सगळं विचारून घे.

खरी गंमत म्हणजे बाईंना सख्खी बहीण होती. धाकटी, दूरच्या गावात, आईबरोबर राहणारी. बाई तरुणपणी घर सोडून निघाल्या त्या पुन्हा फिरकल्या नाहीत. भांडण मोठं झालं होतं असंही नाही. बाईंना ते घर नको होतं, एवढंच. पुढे आई अंथरुणाला खिळली. धाकटीने पत्रं पाठवली, ये म्हणून, निदान चार दिवस ये म्हणून. बाई पत्र वाचत, घडी घालत आणि डब्यात टाकत. एकालाही उत्तर गेलं नाही. शेवटी आई गेल्याचा निरोप आला तेव्हा काजवालीने बिचकत विचारलं की जाणार का. बाई म्हणाल्या, ‘आता जाऊन काय करू? आता तिला उचलायचं नाही.’ काजवालीला त्या रात्री जेवण गेलं नाही. बाईंनी तिच्या ताटातलंही खाल्लं.

मग मालकांचं झालं. कारखान्याचे मालक एके दिवशी जिन्यात कोसळले, त्यानंतर कितीतरी महिने रुग्णालयात मशीनवर होते. घशात नळी, नाकात नळी, श्वास मशीनचा. जुन्या माणसांना दोघादोघांनी भेटायला नेलं. मालकांचे हात खाटेच्या दांड्याला पट्ट्यांनी बांधून ठेवले होते, नळी ओढतात म्हणून. ज्या माणसाने आयुष्यभर दुसऱ्यांना कामाला बांधलं तो असा बांधलेला बघून काही जणांना आतून बरं वाटलं असेल. घरी आल्यावर चपला काढता काढता बाई म्हणाल्या, ‘मला कधीही मशीनवर बसवायचं नाही.’

काजवाली हसली. कारण शिलाईला माणसं कमी पडली की मुकादमाला बाई शब्दशः हेच सुनावायच्या. बाई मात्र हसल्या नाहीत.

सरकारने तेव्हा नवा कायदा केला होता. माणसाने धडधाकट असताना लिहून ठेवायचं की पुढे मी बोलू शकले नाही आणि बरी होण्याची आशा उरली नाही, तर मला कोणकोणते उपचार नकोत, आणि माझ्या वतीने बोलायचा हक्क कुणाला. कागदाचं सरकारी नाव ‘वैद्यकीय इच्छापत्र’. लोक त्याला मरणाचा फॉर्म म्हणत. दोन साक्षीदार लागत, तेही माणूस गेल्यावर ज्यांच्या पदरात काही पडणार नाही असे. सही नोंदणी अधिकाऱ्यासमोर करायची. वतीने बोलणारं माणूस मात्र कुणीही चाले: नवरा, मुलगी, मित्र, शेजारी, देवळातला ओळखीचा, कुणीही. कायदा त्या बाबतीत उदार होता. त्याची अट एवढीच की लिहाल ते खरं लिहा.

नोंदणीची खिडकी जन्म, मृत्यू आणि लग्नाच्या खिडक्यांच्या पलीकडे, जिन्याखाली होती. कारकून तरुण होता आणि जेवणाची वेळ जवळ आलेली होती. साक्षीदार म्हणून कारखान्यातला इस्त्रीवाला आणि त्याची बायको आली होती. इस्त्रीवाल्याने सहीपुरती सुट्टी काढली होती आणि सही झाल्या झाल्या तो दाराकडे बघायला लागला होता.

काय काय नको, असं कारकुनाने विचारलं. दुकानात यादी द्यावी तसं बाईंनी सांगितलं: घशात नळी नको, श्वासाचं मशीन नको, छाती दाबायची नाही, नाकातून भरवायचं नाही. सावकाश सांगा, इथे एकच ओळ आहे, असं तो म्हणाला. मग एका ओळीत मरू द्या, बाई म्हणाल्या.

‘तुमच्या वतीने कोण बोलणार?’

बाईंनी अंगठ्याने मागे दाखवलं. ‘ही.’

‘ही कोण?’

‘बहीण.’

‘सख्खी, चुलत, मावस?’

बाईंना एका गोष्टीबद्दल दोनदा विचारलेलं खपत नसे. ‘सख्खीहून सख्खी,’ त्या म्हणाल्या.

कारकुनाने ‘सख्खी’ लिहिलं. रकाना तेवढाच होता.

काजवालीने ते उलटं वाचलं. शर्टांवरचे नंबर उलटे वाचण्याची तिला सवय होती. तिने बाईंची बाही ओढली आणि हळूच म्हणाली की ताई, तसं नाही ना, मैत्रीण लिहायला सांग. कारकुनाने ऐकलं. खाडाखोड चालत नाही, तो म्हणाला, बदलायचं तर नवा फॉर्म, नवा क्रमांक, साक्षीदारांच्या सह्या पुन्हा. इस्त्रीवाल्याने घसा खाकरला.

‘मैत्रीण?’ बाईंनी तो शब्द वास घेतल्यासारखा उच्चारला. ‘मैत्रिणी शाळेतल्या पोरींना असतात. बरोबर लिहिलंय त्याने.’

आणि काजवाली गप्प बसली. ती काही भिऊन गप्प बसली नव्हती, हे इथे सांगून टाकलेलं बरं. तिला आनंद झाला होता. सरकारी शाईत, शिक्क्याखाली, तिचं कुणाशी तरी नातं लिहिलेलं होतं, आणि तेही साधंसुधं नाही. पुढे कित्येकदा बाई बाजारात गेल्या की ती कपाटातून तो कागद काढायची, तो एक शब्द बघायची आणि परत ठेवून द्यायची.

कात्री दुसऱ्याच्या हातात देऊन बाई निवृत्त झाल्या, त्यालाही बरीच वर्षं लोटली. एका सकाळी खुर्चीत बसून भाजी निवडताना त्या म्हणाल्या, माझा हात कुणी धरलाय. कुणीच धरला नव्हता. मग त्या आणखी काही म्हणाल्या, पण तोवर शब्दांची शिवण उसवली होती.

रुग्णालयात आल्या आल्या घशात नळी गेली. तातडीच्या वेळी ती घालतातच. काजवाली दुपारी कागद घेऊन आली. तिथल्या डॉक्टरीणबाईंनी तो उभ्या उभ्या पूर्ण वाचला, जे कुणी करत नाही. कागद व्यवस्थित आहे, असं त्यांनी सांगितलं. मेंदूचा बराच भाग गेला आहे, या आता बोलणार नाहीत, उठणार नाहीत. दोन डॉक्टरांचा अभिप्राय होईल, मग रुग्णालयाची समिती सही करेल, मग नळी काढू आणि त्यांना त्रास होणार नाही एवढं बघू. जवळच्या कुणाला कळवायचं असेल तर आत्ताच कळवा.

बाईंचा एक हात खाटेला बांधलेला होता. उजवा मेलेला होता. डावा नळीपर्यंत जायचा, म्हणून त्याला पट्टा. त्या हाताची बोटं चादर चिमटीत धरत आणि सोडत, कापडाचा पोत बघावा तशी. ती नुसती नसांची हालचाल आहे, असं परिचारिका म्हणाली. काजवाली म्हणाली, असेल. पण तिने तो हात इतकी वर्षं पाहिला होता. त्या हाताला चादर आवडलेली नव्हती.

कुणाला कळवायचं, हा प्रश्न तिला चावत राहिला. सख्ख्या बहिणीला शेवटचं बघायला मिळू नये हे तिला पाप वाटलं. जिला कुणी नसतं तिला नात्यांबद्दल फार मोठ्या कल्पना असतात. तिने जुन्या पत्रांवरून पत्ता काढला, त्या गावच्या पोस्टात विचारून नंबर मिळवला आणि फोन केला. ताई जायच्या वाटेवर आहेत, भेटून जा, असं सांगितलं. पलीकडून विचारणा झाली की आपण कोण. काजवालीने सवयीने सांगितलं, ‘मी बहीण.’

दुसऱ्या दिवशी सख्खी आली. काजवाली उठून उभीच राहिली, कारण दारातून कटरबाईच चालत येत होत्या: तेच नाक, तीच हनुवटी, तीच कपाळावरची आठी. फक्त खांदे वेगळे होते. रुंद, पुढे आलेले, वजन उचलून उचलून झुकलेले. तिने काजवालीकडे पाहिलंही नाही. सरळ कागदपत्रांच्या खिडकीवर गेली आणि म्हणाली की मी यांची सख्खी बहीण.

खिडकीवरच्या बाईने नोंद पाहिली. सख्खी बहीण तर आधीच आहे की, ती म्हणाली, आणि पेनाने काजवालीकडे दाखवलं.

ती बाई दुष्ट नव्हती. तिच्यापुढे दोन बायका उभ्या होत्या आणि रकाना एक होता. तिने सोपी युक्ती केली. दोघींना म्हणाली, आईचं नाव सांगा.

सख्खीने सांगितलं. काजवालीलाही ते नाव माहीत होतं, पत्रांच्या पाठीवरच्या पत्त्यात शंभरदा वाचलेलं होतं. पण सख्खी शेजारी उभी राहून तिच्याकडे बघत होती. आता पहिल्यांदाच बघत होती. काजवालीने नकारार्थी मान हलवली. तिला आईचं नाव विचारणारं माणूस आश्रमातल्या शाळेनंतर हेच पहिलं, आणि उत्तर अजूनही तेच होतं.

संध्याकाळपर्यंत प्रकरण रुग्णालयाच्या कायदा-अधिकाऱ्याकडे गेलं. नीटनेटका माणूस, टेबलावर धूळ नाही. इच्छापत्रात खोटी माहिती आढळल्यास ते रद्दबातल, असं कलम त्याने वाचून दाखवलं. डॉक्टरीणबाई वाद घालत राहिल्या. इच्छा खरी आहे, चूक फक्त रकान्यात आहे, त्या म्हणाल्या. त्याने ते मान्य केलं, आणि त्यामुळेच ऐकणं जास्त कठीण झालं.

‘मैत्रीण लिहिलं असतं तर काहीच हरकत नव्हती,’ तो काजवालीला म्हणाला. ‘शेजारीण लिहिलं असतं तरी चाललं असतं. रकाना कोरा सोडला असता तरी मला काहीतरी करता आलं असतं. तुम्ही नेमकं जे चालत नाही तेच लिहिलंत.’

इच्छापत्र गेलं. आता कायद्याप्रमाणे नवरा, नवरा नसेल तर मुलं, मुलं नसतील तर आईवडील, तेही नसतील तर भावंडं. म्हणजे सख्खी. ती म्हणाली नळी काढा, तर काढता येईल. ती नाही म्हणाली, तर नाही. डॉक्टरीणबाईंनी संमतीचा कागद तयार करून ठेवला. खाली एक सही हवी होती.

काजवालीने दोन दिवस तिची मनधरणी केली. व्हरांड्यातल्या बाकावर, पाण्याच्या टाकीपाशी, जिथे सापडेल तिथे. सख्खी तिला हाकलत नसे. उलट ऐकून घेई, शांतपणे, आणि मग भलतंच काही विचारी. ताई कुठल्या कुशीवर झोपायची. मीठ जास्त खायची का. तुम्ही आजारी पडलात तर कोण बघायचं. काजवाली भाबडेपणाने सगळं सांगत गेली. मला अपेंडिक्स झालं तेव्हा ताईंनी रजा काढली, रात्रभर उशाशी बसून होत्या, हेही सांगितलं. आपण काय सांगतो आहोत हे तिला घरी गेल्यावर कळलं, नेहमीसारखं.

‘माझं नाव काढायची?’ सख्खीने तिसऱ्या दिवशी विचारलं.

काजवालीला इथे खोटं बोलता आलं असतं. दुसरं कुणी बोललं असतं. ती एकच खोटं आयुष्यभर बोलली होती आणि ते तिला खरं वाटत होतं, त्यामुळे सराव नव्हता. ती म्हणाली, ‘नाही.’

‘आई गेली तेव्हा?’

‘तेव्हा म्हणाल्या, आता जाऊन काय करू.’

‘आणि?’

काजवाली खाली बघत राहिली. सख्खीने वाट पाहिली. वाट बघणं तिला चांगलं येत होतं.

‘आता तिला उचलायचं नाही, म्हणाल्या.’

सख्खीने मान हलवली, हिशोब जुळल्यासारखी. मग ती बोलली ते आवाज न चढवता. ‘आई सात वर्षं पडून होती. अंगावर जखमा झालेल्या. रोज मला म्हणायची, सोडव. तेव्हा हा कायदा नव्हता. तेव्हा मी होते.’

काजवालीने तिचे पाय धरले. व्हरांड्यातली माणसं बघायला लागली. सख्खीने तिला उठवलं, खांद्याखाली हात घालून, एका झटक्यात, सराईतपणे. आणि म्हणाली की करते सही. पण आधी एक गोष्ट नीट व्हायला हवी. तुम्ही जगाला सांगत फिरलात की तुम्ही तिची बहीण. ते तुम्ही स्वतःच्या हाताने खोडा, मग मी सही करते.

दोघी कायदा-अधिकाऱ्याकडे गेल्या. असं निवेदन दिलंत तर नोंद साफ होईल, चांगलंच आहे, तो म्हणाला, आणि त्याने कोरा कागद पुढे सरकवला. सख्खीने मजकूर सांगितला. मी रुग्णाची बहीण नाही. इथपर्यंत काजवालीने लिहिलं. पुढे: मी रुग्णाची कोणीही नाही.

पेन थांबलं. ‘मैत्रीण लिहू का?’ काजवालीने विचारलं.

‘नको,’ सख्खी म्हणाली. ‘कोणीही नाही, असं लिहा.’

तिने लिहिलं. अक्षर वळणदार होतं तिचं, आश्रमात छड्या खाऊन आलेलं. लिहिताना तिच्या मनात एकच होतं, की ताईंच्या घशातली ती वस्तू एकदाची निघेल. शब्दाचं काय, शब्द गेला तर गेला. असं तिने स्वतःला समजावलं आणि सही केली. अधिकाऱ्याने शिक्का मारला. मग तिने संमतीचा कागद सख्खीपुढे ठेवला, पेनाचं टोपण काढून पेनही दिलं.

सख्खीने पेन घेतलं नाही.

‘तुम्ही म्हणालात की—’

‘माझ्या बहिणीचं काय करायचं ते मी ठरवेन,’ सख्खी म्हणाली. ‘तू कोण सांगणारी?’

काजवालीने अधिकाऱ्याकडे पाहिलं. तो अस्वस्थ झाला, चष्मा पुसायला लागला. पण तोंडी कबुलीला कायद्यात जागा नव्हती आणि लेखी जे होतं ते त्याच्या शिक्क्यानिशी समोर पडलं होतं. त्या विभागात भेटीचे पास फक्त नातेवाइकांना मिळत. खिडकीवरच्या बाईने काजवालीचा पास मागून घेतला. सॉरी म्हणाली, आणि मनापासून म्हणाली.

बाईंच्या घशाला पुढे भोक पाडून नळी कायमची बसवली आणि त्यांना दीर्घ उपचारांच्या खोलीत हलवलं. डॉक्टरीणबाईंची दुसऱ्या विभागात बदली झाली. हृदय दणकट आहे, नीट काळजी घेतली तर वर्षानुवर्षं राहतील, असं नव्या डॉक्टरांनी सांगितलं. काळजी तर सख्खी घेतच होती. ती गावचं घर बंद करून रुग्णालयाशेजारच्या खोलीत राहायला आली. परिचारिकांना ती हात लावू देत नसे. दर दोन तासांनी कूस बदलायची, पाठ पुसायची, टाचांखाली उशी सारायची, नखं कापायची, केस विंचरायची. अंगावर एक फोड येऊ दिला नाही. त्या मजल्यावर तिचं नाव झालं. ज्यांच्या घरचे आठवड्यातून एकदा येत ते रुग्ण तिच्याकडे आशाळभूतपणे बघत. बहीण असावी तर अशी, असं परिचारिका एकमेकींना म्हणत. काम करताना ती बाईंच्या कानाशी काहीतरी सारखं बोलत असे, अगदी हळू आवाजात. परिचारिकांना वाटे, लहानपणच्या आठवणी असतील. आणि बाईंची डावी बोटं तेव्हा पट्ट्यात जास्त वळवळत, तर त्यांना वाटे, ओळखतात त्या.

हे सगळं काजवालीला कळे ते एका परिचारिकेकडून. काजवाली रोज दुपारी खालच्या दारापाशी बाकावर येऊन बसायची. वर जाता येत नव्हतं, घरी राहवत नव्हतं. परिचारिका ड्यूटी संपवून निघाली की दोन मिनिटं थांबून सांगायची. आज जागे होते डोळे. आज वजन केलं, वाढलंय.

एकदा तिने सांगितलं की ताप चढला आहे, छातीत कफ साठलाय, या वयात आणि या अवस्थेत काही सांगता येत नाही. काजवाली घरी गेली आणि तिने आयुष्यात पहिल्यांदा देवाकडे काही मागितलं. मागताना आपण काय मागतो आहोत हे तिला लगेच कळलं. यावेळी दोन दिवस लागले नाहीत. तरी तिने मागितलं. पुढचे दिवस तिने काही शिजवलं नाही. बाकावर पहाटेपासून येऊन बसू लागली. दारातून कुणी झाकलेलं बाहेर आणलं की उभी राहायची आणि पायांकडे बघायची. पायांवरून तिने ओळखलं असतं.

मग परिचारिका आली ती हसत आली. धोका टळला होता. आणि श्रेय सगळं बहिणीचं, ती म्हणाली. आमच्याही आधी तिच्या लक्षात आलं होतं, रात्री नुसत्या श्वासाच्या आवाजावरून. डॉक्टरांना उठवलं, औषध सुरू करायला लावलं, स्वतः पाठ थोपटून थोपटून कफ काढला. दुसरं कुणी असतं तर गेल्याच होत्या. परिचारिकेने काजवालीचा हात हातात घेऊन दाबला.

‘वाचल्या तुमच्या बाई,’ ती म्हणाली.

काजवालीने मान हलवली. परिचारिका तिच्याकडे बघत होती, चांगल्या बातमीला जे उत्तर यायला हवं त्याची वाट बघत. ड्यूटी करून आलेली, दमलेली पोरगी होती ती.

‘बरं झालं,’ काजवाली म्हणाली.